साउथ डकोटातलं एक उद्घाटन

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला अमरावतीत आधी नायगाऱ्याबद्दल विचारतात, मग डिस्नेलँडबद्दल. दोन्हींना नकार मिळाला की पुढचा प्रश्न येतो, 'मग गेला होतात कशाला?' त्याचं खरं उत्तर असं, की मी साउथ डकोटातल्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये उद्घाटनाचा समारंभ बघून आले. उद्घाटन बघायला इतक्या लांब जायची गरज नाही, हे मलाही कळतं. कॉलेजात इतिहास शिकवत होते त्या काळात मंडपातल्या दुसऱ्या रांगेत बसून मी इतक्या फिती कापल्या जाताना पाहिल्या आहेत, की त्या जोडल्या तर एखादं गाव गुंडाळून होईल. पण असं उद्घाटन मी पाहिलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

शॉमबर्ग

माझी भाची सायली डॉक्टर आहे. तिचा नवरा निखिल शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो, आणि ती साउथ डकोटातल्या लकोटा लोकांच्या रिझर्व्हेशनवर काम करते. रिझर्व्हेशन म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेला प्रदेश. राखलेला कमी, उरलेला जास्त. नवराबायको महिन्यातून एकदा भेटतात आणि भेटले की पहिला दिवस झोपून काढतात.

मी पोचले त्या दिवशी कोजागिरी होती. निखिलच्या मित्रमंडळींनी मायक्रोवेव्हमध्ये मसाला दूध तापवलं आणि चंद्र फक्त पार्किंग लॉटमधून दिसत असल्यामुळे सगळे जॅकेटं घालून पार्किंग लॉटमध्ये उभे राहिले.

"काकू, सायलीकडे जाऊन बघणार काय? तिकडे काही नाहीये यार," निखिलचा एक मित्र म्हणाला. "रॅपिड सिटीला उतरालच, तर माउंट रशमोर करून घ्या. हाफ डे पुरतो."

माउंट रशमोर म्हणजे डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे. हे डोंगर लकोटांकडेच कायम राहतील असा तह सरकारने केला होता. मग डोंगरांत सोनं सापडलं, आणि 'कायम' जरा लवकर संपलं. मोठे चेहरे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले असल्यामुळे तो हाफ डे वाचवायचं मी तिथेच ठरवलं.

"सायली इंडियन हॉस्पिटलमध्ये आहे ना? मग भाषेचा प्रॉब्लेम नसेल," दुसऱ्या एकीने विचारलं. यावर जो विनोद करता येतो तो कोलंबसापासून चालू आहे. मी त्यात भर घातली नाही.

सायली तिथे का आहे, ते मात्र सांगायला हवं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून ती डॉक्टर झाली, तेव्हा एक वर्ष ग्रामीण भागात काम करायचा बाँड होता. तिला मेळघाटातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळत होतं. घरात बैठक झाली, इतकी हुशार मुलगी जंगलात कशाला असं सर्वानुमते ठरलं, बाँडचे पैसे भरले आणि मुलगी शिकागोला गेली. तिथे ज्या व्हिसावर ती शिकली त्याची अट अशी, की शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परत जायचं. नाहीतर अमेरिकन डॉक्टर जिथे टिकत नाहीत अशा जागी तीन वर्षं काम करायचं. म्हणजे आदिवासींच्या सरकारी दवाखान्यातलं एक वर्ष चुकवायला आम्ही पैसे भरले, आणि तिथलीच तीन वर्षं मिळावीत म्हणून वकील लावला. हे मी कोजागिरीच्या दुधाबरोबर बोलले नाही. पाहुण्याने चंद्राकडे बघावं.

रॅपिड सिटीच्या पुढे

"मावशी, दार दोन्ही हातांनी धर हं," विमानतळावरून निघून वाटेत पहिल्यांदा थांबलो तेव्हा सायली म्हणाली. "इथे वाऱ्याने गाडीची दारं उलटी होतात. लास्ट मंथ माझं झालं."

मी दार दोन्ही हातांनी धरलं, त्यामुळे शाल धरायला हात उरला नाही. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने प्राचार्यांच्या हस्ते दिलेली ती शाल माझ्या खांद्यावरून उठली, रस्त्याकडेच्या काटेरी तारेवर क्षणभर टेकली आणि गवतावरून दिसेनाशी झाली. मी दोन पावलं धावले.

"सोड, मावशी. ती आता नेब्रास्कात पोचली असेल."

त्या प्रदेशाबद्दल सांगायचं तर तो रिकामा आहे असं म्हणायचा मोह होतो, आणि तोच मोह याआधी बऱ्याच लोकांना झालेला आहे. पिवळं गवत, त्यात काळ्या गाई, गवताचे गुंडाळलेले भारे आणि वर इतकं आकाश, की आपण उगीच मोठ्याने बोलतोय असं वाटावं. दोन अडीच तासांत आम्हाला एक पेट्रोल पंप लागला. तिथे सायलीने कॉफी घेतली आणि म्हणाली, "हा आमचा मॉल."

हॉस्पिटलच्या मागे डॉक्टरांची क्वार्टर्स आहेत. शासकीय निवासस्थानाचा रंग जगभर एकच असावा. मला एकदम सिंचन खात्याच्या कॉलनीत आल्यासारखं वाटलं. हॉस्पिटल फेडरल सरकारचं आहे. नेमणूक, औषध, खिळा, सगळं वॉशिंग्टनहून ठरतं. सायली त्याला 'डीसी' म्हणायची, मी पहिल्याच दिवसापासून 'दिल्ली' म्हणू लागले, आणि आमचं कुठेही अडलं नाही.

तिथल्या मुख्य बोळात त्या जुन्या तहाचं एक पान चौकटीत लावलेलं आहे. जमिनीच्या बदल्यात सरकारने काय काय द्यायचं ते त्यात आहे: शाळामास्तर, सुतार, लोहार, डॉक्टर. लोहाराची आता तितकी गरज भासत नाही. डॉक्टराची भासते. बाहेरच्या लोकांना हे हॉस्पिटल म्हणजे सरकारची कल्याणकारी योजना वाटते. माझीही तीच समजूत होती. ते पान वाचल्यावर लक्षात येतं, की ही योजना नाही, हा व्यवहार आहे. जमीन एका फटक्यात देऊन झाली. डॉक्टर किती द्यायचा हे दिल्लीत दरवर्षी नव्याने ठरतं.

"पेशंटला बाहेर मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं असेल तर कमिटी बसते," सायलीने सांगितलं. "जीव जात असेल किंवा हात-पाय जात असतील, तर अप्रूव्ह. गुडघा आहे, वेट. पित्ताशयात खडे आहेत, वेट."

"मग वेट करून काय होतं?"

"मग एक दिवस जीव जायला लागतो. तेव्हा हेलिकॉप्टर येतं. हेलिकॉप्टर लगेच अप्रूव्ह होतं, मावशी. एकदम फास्ट."

लोरेटाबाईंकडे

रविवारी सायली मला तिच्या एका पेशंटकडे जेवायला घेऊन गेली. लोरेटाबाई सत्तरीच्या. शाळेत स्वयंपाकीण होत्या. मधुमेहाने दोन्ही किडन्या गेल्या, म्हणून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते रॅपिड सिटीला. पहाटे उठायचं, जमातीच्या कौन्सिलची व्हॅन दाराशी येते, तिच्यातून तिथे जायचं, चार तास खुर्चीत पडायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. उरलेले दिवस थकवा काढण्यात. 'डायलिसिस हीच माझी नोकरी आहे, आणि पेन्शनीनंतर लागली,' असं त्या म्हणाल्या. गावात डायलिसिस व्हावं म्हणून कौन्सिलपुढे, दिल्लीहून आलेल्या प्रत्येक पथकापुढे त्या बोलल्या होत्या. तो विभाग आता बांधून झाला होता आणि येत्या बुधवारी त्याचं उद्घाटन होतं.

मी इतिहास शिकवायची हे कळल्यावर त्यांनी माझं नाव 'टीचर' ठेवलं.

"तुझी भाची माझी कितवी डॉक्टर ते मी मोजायचं सोडलंय, टीचर. आम्ही डॉक्टरांना हवामानासारखं धरतो. तहात डॉक्टर द्यायचा असं लिहिलंय, पण कुठून आणायचा ते लिहिलेलं नाही. म्हणून मग अमरावतीहून आणला."

"मी अजून वर्षभर आहे, लोरेटा," सायली म्हणाली.

"नवरा चांगला आहे का?"

"आहे."

"मग जाशील."

जेवायला फ्राय ब्रेड होता. भटुऱ्याचा हा चुलतभाऊ. मैदा मळून तेलात फुगवतात, आणि त्याबरोबर रानबेरींचा गरम, दाट रस. मी दुसरा घेतला.

"मैदा, चरबी, साखर," लोरेटाबाई म्हणाल्या. "आम्हाला शिकारीला जाऊ देईनात तेव्हा सरकारने रेशनवर हे दिलं. आज्यांनी त्याचं हे केलं. आता सरकार पोस्टर पाठवतं, हे खाऊ नका म्हणून. पोस्टर छान आहे."

पोस्टर शेगडीच्या वरच लावलेलं होतं. तेल उडून उडून त्याचा एक कोपरा पारदर्शक झाला होता.

मी ज्वारीची भाकरी करून नेली होती. पीठ अमरावतीहून, शिकागोच्या कस्टमवाल्याच्या संशयी नजरेखालून आणलेलं. "एकच तुकडा, लोरेटा. आणि चहाचा सेकंड कप नाही," सायलीने बजावलं. लोरेटाबाईंनी तुकडा बराच वेळ चावला.

"हे तुमचं सरकार देतं?"

"नाही. सरकार गहू-तांदूळ देतं. हे आमच्याकडे त्याच्या आधी होतं."

"मग तुमच्याकडेही शुगर असणार."

"आहे. मलाच आहे."

त्या खूप हसल्या आणि माझ्या पुढ्यातला फ्राय ब्रेड उचलून त्यांनी दुसऱ्या टोकाला ठेवला.

आतल्या खोलीत पलंगभर एक रजई पसरलेली होती. मधोमध आठ टोकांचा तारा, शंकरपाळ्याच्या आकाराचे शेकडो रंगीत तुकडे जोडून केलेला. आपली गोधडी जर शिस्तीच्या शाळेत जाऊन आली तर अशी होईल. ही रजई बुधवारी दिल्लीहून येणाऱ्या प्रमुख पाहुण्यासाठी होती. त्यांच्यात एखाद्याचा मान करायचा तर त्याच्या खांद्यांभोवती रजई पांघरतात. पांघरली की ढोलवाले सन्मानाचं गाणं धरतात, सगळे उभे राहतात आणि मग एकेक जण येऊन हात मिळवतो. आपली शाल-श्रीफळाचीच पद्धत. फरक एवढाच, की आपल्याकडच्या शाली कार्यालयाचा शिपाई डझनावारी आणतो, आणि ही शिवायला लोरेटाबाईंचा उन्हाळा गेला होता.

"मावशीला पण मानाची शाल मिळाली होती. वाऱ्याने नेली," सायलीने चुगली केली.

"वाऱ्याला दिलीस?" लोरेटाबाई म्हणाल्या. "बरोबर केलंस. आमच्यात ज्याला मान मिळतो त्याने काहीतरी देऊन टाकायचं असतं."

उद्घाटन

सोमवारी ऑक्टोबरातलं अवकाळी बर्फ पडलं आणि हायवे बंद झाला. लोरेटाबाईंचं त्या दिवशीचं डायलिसिस बुडालं. मंगळवारी रॅपिड सिटीच्या केंद्रात एकही खुर्ची मोकळी नव्हती. बुधवारी सकाळी सायलीने त्यांची छाती तपासली तेव्हा तिचा चेहरा मला आवडला नाही.

"लंग्जमध्ये पाणी साचतंय. आज खुर्ची मिस झाली तर रात्री मला हेलिकॉप्टर बोलवावं लागेल. आणि ढग असले तर ते पण उडत नाही."

"मग समारंभाला थांबायचं कशाला?" मी विचारलं. "आणि नवा विभाग शेजारी तयार आहे ना? तिथेच करा की."

"मशीन्स आहेत. पाणी शुद्ध करायची सिस्टीम आहे. नर्सेस नाहीत. पोस्ट्स अप्रूव्ह झाल्या, मग डीसीने हायरिंग फ्रीझ केलं."

"मग उद्घाटन कशाचं?"

"बिल्डिंगचं, मावशी."

मेळघाटात एन.एस.एस.ची शिबिरं नेताना मी अशी उपकेंद्रं पाहिली होती. कोनशिला झळझळीत आणि आत शेळ्या. इथे शेळ्या नव्हत्या, इतकाच प्रगत देशाचा फरक.

लोरेटाबाई काही ऐकायला तयार नव्हत्या. कौन्सिलने त्यांना रजई पांघरायला सांगितलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं. समारंभ नऊचा होता. अकराला निघालं तर खुर्ची मिळत होती. उशीर झाला की ती पुढच्या पेशंटला जाते. सायली इमर्जन्सीत एकटीच डॉक्टर. म्हणून कामगिरी माझ्यावर आली.

"तू तिच्या शेजारी बस. अकरा वाजले की उठायचं आणि तिला व्हॅनमध्ये बसवायचं. कोणी काहीही बोलत असलं तरी. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. मी विदर्भातली बाई आहे आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात उठून जाणं हे मला जन्मात जमलेलं नाही, याची आठवण दोघींनाही झाली नाही.

काचेच्या दारावर लाल फीत. दारातून आत दिसत होत्या त्या डायलिसिसच्या खुर्च्या, सगळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात. टेबलावर एक सोनेरी कात्री, दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी. अशा कात्रीने फीत कापली जात नाही, फक्त फोटो निघतो. सगळं होतं, पाहुणे नव्हते. साडेनऊ झाले, दहा झाले. व्हॅनचा ड्रायव्हर वेन, हा एक मोठा, सावकाश बोलणारा माणूस, बातमी घेऊन आला.

"विमान वेळेवर उतरलं. येताना वाटेत माउंट रशमोरला थांबले."

मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "चारही डोकी जागेवर आहेत का ते बघत असतील."

पाहुणे आले ते नौदलाच्या वेषात. समुद्र तिथून कुठल्याही दिशेला हजार मैल. हे सायलीने मला नंतर समजावलं, की सरकारच्या या डॉक्टरी सेवेचा जन्म खलाशांच्या दवाखान्यांत झाला, म्हणून त्यांचा गणवेष तसा आहे. आणि मूळ रहिवाशांचा कारभार तर आधी युद्धखात्याकडे होता. म्हणजे खातं जमिनीवरच्या लढाईचं, कपडे समुद्रावरचे, आणि आजार साखरेचा.

प्रार्थना झाली. झेंड्याचं गाणं झालं. जुने सैनिक शिस्तीत उभे राहिले. या लोकांनी त्याच सरकारसाठी किती लढाया लढल्या ते त्यांच्या टोप्यांवर लिहिलेलं होतं. कौन्सिलचे अध्यक्ष थोडक्यात बोलले. मग पाहुणे उठले. गृहस्थ वाईट नव्हते, हसरे होते, आणि त्यांच्या हातात बरेच कागद होते. हा समारंभ म्हणजे एका प्रवासाचा टप्पा आहे, हे त्यांनी सांगितलं. भागीदारी सांगितली. बांधिलकी दोनदा सांगितली. नर्सचा विषय पानात नव्हता.

अकरा वाजले. वेन दारात येऊन उभा राहिला आणि त्याने हातातली किल्ली वाजवली. लोरेटाबाईंचा श्वास आता मला ऐकू येत होता. जिना चढून आलेल्या माणसासारखा, बसल्या जागी. मी उठायला हवं होतं. मी पर्स मांडीवरून उचलली, परत ठेवली, आणि अर्धवट उठल्यासारखं करून खुर्ची सरकवली. पाहुणे माझ्याकडे बघून प्रेमळपणे हसले. मी बसले.

"चला," मी कुजबुजले. "उठू या."

"आमच्यात बोलणाऱ्याला मध्ये तोडत नाहीत," त्या कुजबुजल्या.

"आमच्यातही नाही."

"म्हणूनच तर आपण दोघी इथे बसलोय."

पाहुण्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "तुम्हाला एक छोटीशी गोष्ट सांगतो." मला ही छोटीशी गोष्ट माहीत आहे. अमरावतीत ती पाऊण तासाची असते. वेनने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

लोरेटाबाई माझ्या कोपराला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्यांनी खुर्चीखालची पिशवी ओढली, रजई बाहेर काढली आणि एक बाजू माझ्या हातात दिली.

"ते टोक धर, टीचर. आणि चल."

अशा रीतीने मी अमेरिकेच्या फेडरल सरकारच्या कार्यक्रमात व्यासपीठावर गेले. पाहुणे गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात होते. त्यांना वाटलं, हे कार्यक्रमात आहे. ते नम्रपणे थोडे वाकले, आणि लोरेटाबाईंनी तो आठ टोकांचा तारा त्यांच्या खांद्यांवरून ओढून पुढे इतका घट्ट आणला, की त्याच्याखाली पदकं गेली, दोन्ही हात गेले आणि कागदही गेले. मग त्यांनी ढोलवाल्यांकडे बघून मान हलवली. रजई पांघरली गेली होती; ढोलवाल्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता. ढोल सुरू झाला. सगळे उभे राहिले. हात मिळवायची रांग आपोआप तयार झाली, आणि मागे बसलेला तो म्हातारा इतक्या वेगाने पुढे आला, की त्याच्या गुडघ्याला अजून कमिटीची मंजुरी नव्हती हे मला सायलीने नंतर सांगूनही खरं वाटलं नाही.

पहिला हात लोरेटाबाईंनी मिळवला.

"तुम्ही छान बोलता," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, आणि आम्ही बाहेर पडलो.

शाल देऊन माणसाचं तोंड बंद करतात, हे मी आमच्याकडेही पाहिलं आहे. पण आमच्याकडे ती भाषण संपल्यावर देतात. इतक्या पिढ्यांत ही सुधारणा आम्हाला सुचली नाही.

व्हॅनमध्ये

वेनने गाडी हाणली. लोरेटाबाई डोळे मिटून, मान मागे टाकून बसल्या होत्या. मी त्यांच्या श्वासावर लक्ष ठेवून होते आणि त्यांना ते आवडत नव्हतं.

"बघत बसू नकोस. काहीतरी बोल. टीचर आहेस ना?"

मी मेळघाटाचं सांगितलं. बाँडचं, आणि आम्ही तो कसा चुकवला तेही. त्यांनी एक डोळा उघडला.

"तिथे आता कोण डॉक्टर आहे?"

"मागे चौकशी केली तेव्हा जागा रिकामी होती."

"माझ्या चुलतभावाची नात डॉक्टरकी शिकतेय. तुमच्याकडे पाठवू? व्हिसा द्याल?"

वेन हसून हसून खोकला.

गावाबाहेर एक जुनी विटांची इमारत लागली, खिडक्यांना फळ्या ठोकलेली. त्यांनी डोळे न उघडताच ती ओळखली. रस्त्याचं वळण पाठ असावं.

"ते आधीचं हॉस्पिटल. माझ्या मोठ्या बहिणीचं तिथे अपेंडिक्स काढलं, सत्तरच्या दशकात. अपेंडिक्सबरोबर आणखी काय काय केलं, ते लग्नानंतर मूल होईना तेव्हा कळलं."

"विचारलं नव्हतं तिला?"

"सही होती म्हणे तिची. पोट धरून ओरडत होती तेव्हा घेतलेली."

त्याच वर्षांत, आणीबाणीत, आमच्याकडच्या सरकारनेही असल्या शस्त्रक्रियांचा धडाका लावला होता. मी तो धडा वर्षानुवर्षं शिकवला. त्या व्हॅनमध्ये त्यातलं एकही वाक्य बोलावंसं वाटलं नाही.

"तरी तुम्ही सरकारच्याच हॉस्पिटलात जाता," मी शेवटी म्हटलं.

"मग कुठे जाऊ? तो डॉक्टर आमचा आहे. जमीन देऊन घेतलाय."

रॅपिड सिटीच्या केंद्रात पोचलो तेव्हा त्यांच्या खुर्चीपाशी दुसराच एक पेशंट स्वेटर काढत उभा होता. नर्सने त्याला पुन्हा स्वेटर घालायला लावलं.

"लोरेटा! कुठे होतीस? अजून पाच मिनिटं, आणि गेली होती खुर्ची!"

"एका माणसाचा सत्कार करत होते," लोरेटाबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

मशीन सुरू झालं. तासाभराने त्यांच्या श्वासाचा आवाज येईनासा झाला. माझ्या लक्षात आलं की मी तो सकाळपासून ऐकत होते. सायलीचा फोन आला. तिने हॅलो म्हटलं नाही, "खुर्ची मिळाली?" म्हणाली. मिळाली म्हटल्यावर पलीकडे ती खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

अमरावती

परत येऊन आता काही महिने झाले. मी सायलीला दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते, आणि ती म्हणते, "नाही गं. पोस्ट्स अजून फ्रोझन." पाहुण्यांनी आभाराची मेल पाठवली, रजई त्यांनी दिल्लीतल्या आपल्या कार्यालयात काचेच्या चौकटीत लावली आहे. तो फोटो सायलीने लोरेटाबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "भिंतीला थंडी वाजत होती का?"

सायलीची तीन वर्षं येत्या उन्हाळ्यानंतर संपतात. निखिल शॉमबर्गमध्ये घर बघतो आहे. चांगला मुलगा आहे.

त्या दिवशी ढोल सुरू झाला, सगळ्यांनी हात मिळवले, मग बायसनचं सूप आलं, फोटो झाले आणि पाहुणे विमान गाठायला निघून गेले. फीत कापायचीच राहिली. मोठी सोनेरी कात्री त्यांच्याबरोबर परत गेली. ती फीत आता कुणी कापायची, याचा अधिकार कुणाला आहे, हे हॉस्पिटलने दिल्लीला विचारलं आहे आणि उत्तर आलेलं नाही. झाडूवाला रोज फितीखालून वाकून आत जातो आणि प्लास्टिकमधल्या खुर्च्यांवरची धूळ पुसून, पुन्हा वाकून बाहेर येतो.

मागच्या रविवारी मी सायलीला म्हटलं, लोरेटाबाईंना सांग, तुम्हीच कापून टाका.

सायलीने निरोप दिला आणि उत्तर आणलं. कात्री रजईच्या पिशवीत तयारच आहे, असं लोरेटाबाई म्हणाल्या. पहिली नर्स आली, की तिला दारात उभी करून कापणार. तिच्यासाठी नवा ताराही बेतला आहे, निळ्या रंगात. भिंतीवर लावायचा नाही, ही अट तिला आधीच सांगणार आहेत.

तोवर आठवड्यातून तीनदा वेनची व्हॅन दाराशी येते, आणि त्या पिशवी घेऊन तिच्यात बसतात.